तुम्ही विचारलंत म्हणून: वकिलीची सनद गेली, मग फी कसली?

सनद का गेली ते तुम्हाला ठाऊक आहे, तो पाढा पुन्हा नको. मिरकरवाड्याच्या जेटीवर, एसटी स्टँडवर, परवा तर सत्यनारायणाचं तीर्थ घेताना विचारलंत ते एवढंच: ‘आता वकील नाही, मग जेलात जाणाऱ्यांकडून पैसे कसले घेता?’

जेलच्या फाटकापलीकडं काय होतं, ते सांगायचे घेतो. वकीलपत्र, युक्तिवाद, अर्जाचा मसुदा यातलं काही करत नाही. सनद नसताना प्रॅक्टिस केली तर १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी, म्हणजे जेल) होणार असं दिसलं की घरच्यांना सांगून ठेवतो. दोन फोन नंबर त्याच्याकडून तोंडपाठ करून घ्या. मोबाइल आत जात नाही आणि आजकाल बायकोचा नंबर कुणाला येत नाही. नाडीचा लेंगा नको, इलॅस्टिकची पँट द्या. अंगठी, चेन, पट्टा घरी. गोळ्या सुट्या पुडीत नकोत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हव्यात, कारण त्या जेलच्या डॉक्टरच्या हातूनच मिळतात. आत घेताना तपासणी होते, तेव्हा बीपी-शुगर स्वतःच्या तोंडानं सांगायची, आणि अंगावर माराचे वळ असतील तर तिथंच नोंदवून घ्यायचे. दोन दिवसांनी सांगितलं की ‘आत पडलास’ म्हणतात.

सगळ्यात आधी नाव बघा. वॉरंटवर ‘बाबल्या’ आणि जामिनाच्या हुकमात ‘बाळकृष्ण’ असलं की सुटकेच्या दिवशी तुरुंग अधिकारी कागद परत पाठवतो. त्याचं चुकत नाही. चुकीचा माणूस सोडला तर नोकरी त्याची जाते. हे सांगायचे पैसे घेतो. घेणारच.

एका प्रकरणाचं मात्र तुम्ही तोंडानं विचारत नाही, नुसते बघता.

ट्रॉलरवरचा खलाशी, बाविशीचा पोर, मारामारीत आत गेलेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जामीन झाला: १५,००० चा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. आईनं साखर वाटली. जामीन झाला म्हणजे पोर सुटला असं सगळ्यांनाच वाटतं. सुटतो तो जामीनदाराच्या कागदावर. मामा उभा राहायला तयार होता. त्याचा सातबारा आला: सामाईक, १९ नावं, त्यातली सहा मयत, वारसनोंद नाही, उरलेले विरार-नालासोपाऱ्याला. मामाचा हिस्सा किती ते कागदावर कळेना, आणि हिस्सा कळल्याशिवाय ऐपतीचा दाखला मिळेना. कोकणात असले सातबारे घराघरात आहेत.

कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार असतात. मला त्यांचे चेहरे पाठ आहेत. पूर्वीच्या मी संध्याकाळच्या आत पोर घरी आणला असता. आताच्या मी नको म्हटलं.

इथवर माझं बरोबर. पण आणखी एक वाट होती: रोख रक्कम भरून सुटका मागायची आणि जामीनदार द्यायला मुदत घ्यायची. त्यासाठी वकील लागतो, आणि कोठडीतल्या माणसाला तो उत्पन्न न बघता फुकट मिळतो, १९८७च्या विधी सेवा कायद्यातच आहे. नंबर १५१००. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय. हे सगळं मला येत होतं. प्राधिकरणाच्या दारात जायचं तर वकिलांच्या बाररूमवरून जावं लागतं. आईच्या हाती चिठ्ठी देऊन तिला एकटीला पाठवता आलं असतं. तेही केलं नाही. मामाला घेऊन वारसनोंदीच्या मागे लागलो, जिच्या नुसत्या नोटिशीलाच पंधरा दिवस जातात.

शेवटी जेलला भेट द्यायला आलेल्या लीगल एडच्या, म्हणजे मोफत विधी सेवेच्या, एका वकीलबाईंनी एका दुपारी अर्ज केला. रोख भरले, पोर ४ ऑगस्टला सुटला. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. १ तारखेला बोट गेली होती, त्याच्या जागेवर तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, दुसरा खलाशी घेऊन.

तुम्ही म्हणाल, मग भाड्याचा जामीनदार काय वाईट होता? कागद खोटा निघाला तर जामीन जातो, वर नवी केस लागते. हे मी स्वतःला सांगतो, आणि पूर्वीचा मी विचारतो, ‘असे पकडले किती गेले, ते सांग.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आता पहिल्याच भेटीत १५१०० लिहून देतो, आणि आईलाच पाठवतो. मी समोरच्या चहाच्या टपरीवर थांबतो.

त्या प्रकरणाची फी ३,००० घेतली होती. परत केलेली नाही. केली तर चूक कबूल केल्यासारखं होईल असं तेव्हा वाटलं. आज काय वाटतं ते दर आठवड्याला बदलतं.