एम.टेक., एम.एस. की पीएच.डी.? इंदूरहून अर्ज करणाऱ्यांसाठी

कॉम्प्युटर सायन्समध्ये पुढे शिकायचं म्हटलं की इंदुरात पहिला प्रश्न येतो, भंवरकुव्याला कोचिंग कुठलं लावायचं? त्याच्या आधी ठरवायला हवं, की पुढची दोन वर्षं दिवसभर काय करत बसायची तयारी आहे. नेहमीच्या एम.टेक.मध्ये पहिलं वर्ष लेक्चर, असाइनमेंट आणि परीक्षांत जातं, दुसरं प्रोजेक्टमध्ये, आणि प्लेसमेंट डोक्यावर असतेच. एम.एस. बाय रिसर्चमध्ये कोर्स मोजके, बाकी सगळा वेळ एका प्रश्नावर. थीसिस पूर्ण होईल तेव्हा डिग्री, त्यामुळे दोनाची तीन वर्षं सहज होतात.

आपला पिंड कुठला, हे तपासायचा एक खात्रीचा उपाय आहे. न्यूरिप्स (मशीन लर्निंगची परिषद) किंवा युझनिक्सच्या (कॉम्प्युटर सिस्टिमवाल्यांची संघटना) परिषदांचे शोधनिबंध फुकट डाउनलोड होतात. आवडीच्या विषयातला एक घ्या आणि त्यातला एकच आलेख स्वतःच्या लॅपटॉपवर काढून पाहा. कोड चालत नाही, लायब्ररीचं व्हर्जन जुळत नाही, आकडे थोडे वेगळेच येतात. ते वेगळे का आले, हे शोधण्यात रविवार कधी सरला ते कळलं नाही, तर रिसर्चकडे वळा. कंटाळा आला तर एम.टेक. उत्तम, त्यात कमीपणा काही नाही. सिमरोलच्या आयआयटीतले रिसर्च स्कॉलर ओळखीचे असतील तर त्यांना गाइड किती वेळ देतात, एवढं जरूर विचारा. रँकिंगच्या तक्त्यात हे सापडत नाही.

एम.टेक.च्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेचा फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो, पेपर फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये, स्कोअर तीन वर्षं चालतो. तीन तासांत 65 प्रश्न, 100 मार्क. कॉम्प्युटर सायन्सच्या (सीएस) पेपरात जनरल अॅप्टिट्यूडचे 15 आणि गणिताचे 13, म्हणजे चौथ्या भागाहून जास्त मार्क कॉम्प्युटरच्या बाहेरचे, आणि नेमकं तेच शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. एका मार्काच्या एमसीक्यूला (चार पर्यायांतला एकच बरोबर) चुकल्यास एक तृतीयांश कापतात, दोन मार्कांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. आकडा टाइप करायच्या आणि अनेक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, म्हणून ते कोरे सोडू नका. सराव पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवरच करा, हातातला आत नेता येत नाही. 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. तो सीएससोबत देता येतो.

निकालानंतर प्रत्येक आयआयटीचा फॉर्म वेगळा भरायचा, शिवाय कोपवर, म्हणजे आयआयटींच्या ऑफर जिथे येतात त्या सामाईक पोर्टलवर, नोंदणी. एनआयटींसाठी सीसीएमटी, म्हणजे त्यांचं सामाईक कौन्सेलिंग. कोपवर ऑफर आली की मुदतीत उत्तर द्यावंच लागतं. गप्प बसलात तर ऑफर गेली. 'अॅक्सेप्ट अँड फ्रीज' केलंत की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, आणि नाकारलेली ऑफर पुन्हा मिळेल या भरवशावर राहू नका. गेट पास होऊन सरकारी संस्थेत एम.टेक. करणाऱ्याला महिना 12,400 रुपये मिळतात, त्या बदल्यात लॅबमध्ये मदत करावी लागते.

परदेशचा विचार असेल तर अमेरिकेतल्या बऱ्याच पीएच.डी.च्या अर्जाच्या शेवटच्या तारखा डिसेंबरच्या मध्यावर येतात, म्हणजे ऐन गेटच्या तयारीत. म्हणून शिफारसपत्रांसाठी सप्टेंबरातच सरांना भेटा. बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. एकाच हातची तीन पत्रं वाचणाऱ्याला लगेच कळतात, आणि ते योग्यही नव्हे. त्याऐवजी सरांना एक पान द्या: कुठला कोर्स कुठल्या सेमिस्टरला, प्रोजेक्टमधला कुठला भाग तुमचा, कुठे अडलात आणि कसं सोडवलंत. पत्र अपलोड करायची विद्यापीठाची लिंक सरांच्या कॉलेजच्या ईमेलवर जाऊ द्या, जीमेलवर शंका घेतात. लिंक स्पॅममध्येही पडते, म्हणून दोन दिवसांनी "सर, मेल आला का?" असं विचारायला लाजू नका.

एसओपीमध्ये, म्हणजे हेच का शिकायचं ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निबंधात, "मला लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड आहे" या वाक्याला वाचणाऱ्याच्या लेखी किंमत शून्य. "आमच्या मॉडेलची अचूकता दिव्याच्या प्रकाशात घटली, कारण ट्रेनिंगचे सगळे फोटो दिवसाचे होते" या एका वाक्यातून तुमची विचार करायची पद्धत दिसते.

आपल्या मराठी घरांत हमखास होणारा घोळ नावाचा. दहावीच्या मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर मात्र मधे वडिलांचं नाव. परीक्षेच्या फॉर्मवर तेच नाव घाला जे त्या दिवशी दाखवायच्या ओळखपत्रावर आहे, आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आरजीपीव्हीच्या (राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय) कॉलेजात असाल तर विद्यापीठ भोपाळला आहे, हे धरून ट्रान्स्क्रिप्टचा (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्रित दाखला) अर्ज दिवाळीच्या आधी टाका. बंद लिफाफे, शिक्के आणि सह्या होईपर्यंत थांबावं लागतं. हातात आल्यावर प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट मार्कशीटशी ताडून मगच अपलोड करा.