‘नाही’ची वही

आमचं दुकान जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला. ठिबकचं सामान, पीव्हीसी फिटिंग, मोटारीचे स्पेअर, असलंच सगळं. धंदा आप्पांनी उभा केला, मी कॉलेज झाल्यावर चार दिवस म्हणून गल्ल्यावर बसलो तो बसलोच.

मागच्या मे महिन्यात भर दुपारी एक बाबा आले, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. सोळा एमएमचे रबर ग्रोमेट (ठिबकची नळी मोठ्या पाइपाला जोडताना भोकात बसवायची रबरी कडी) पाहिजे होते, पन्नास नग. पोऱ्या म्हणाला संपलेत. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे भो, तुह्या दुकानात जव्हा यावं तव्हा नाहीच." आणि गेले समोरच्या दुकानात.

आता वस्तू काय तर दोन-तीन रुपयाचं रबर. पण केळीच्या मिरग बागेची, म्हणजे मृगाच्या लागवडीची तयारी चालू, टिश्यू कल्चरची रोपं आज ना उद्या दारात उतरणार, पाच बाय सहा फुटांवर लावली तरी एकरी साडेचौदाशे खोडं होतात, आणि ते कोवळं रोप आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत पाण्याबिगर किती तग धरणार? म्हणजे त्या रबरापायी माणसाची अख्खी लागवड अडलेली आणि आपण मान वर न करता सांगतो, नाही.

त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की लिहायचं, काय मागितलं आणि किती वाजता, बस. आप्पा हसले, म्हणे लोक आलेल्याचा हिशोब लिहितात, तू गेलेल्याचा लिही.

महिन्याने वही उघडली. मला वाटलेलं फिल्टर, व्हेंच्युरी, स्टार्टर असलं काहीतरी मोठं निघेल, तर निघाली सगळी चिल्लर, ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर, एंड कॅप. आणि निम्म्याच्या वर ओळी दुपारी एक ते चारच्या!

टोयोटाच्या कारखान्यात म्हणे काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारतात. मला चारमध्येच भागलं. पोऱ्या नाही का म्हणतो, कारण बरणीत माल नसतो. का नसतो, गोडाऊनमधून काढलेला नसतो. का काढला नाही, कुलूप. कुलूप का उघडत नाही, कारण चावी आप्पांच्या बंडीच्या खिशात आणि आप्पा जेवून घरी आडवे. माल पंधरा पावलांवर पडलेला आणि आम्ही गिऱ्हाईक समोर पाठवतोय, डोक्याला हात लावला मी. (बाबा आले तेव्हाही ग्रोमेटची गोणी आतच होती, नंतर बघितलं.)

आता आप्पांना चावी मागणं म्हणजे... ज्यांच्या घरात असा गल्ला आहे त्यांना सांगायला नको. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहीच समोर ठेवली, त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत सगळी वाचली, काही न बोलता चावी देवाच्या फोटोमागच्या खिळ्याला अडकवली आणि पोऱ्याला म्हणाले, संध्याकाळी मोजून घेईन.

दुसरं काम टोयोटाच्याच ताइइची ओनो या इंजिनिअरचं उचललं. त्याला अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचलं की फळीवरून जेवढं उचललं गेलं तेवढंच परत भरायचं, आणि ते कळायला एक कार्ड, त्यालाच कानबान म्हणतात. आमचं कानबान म्हणजे लग्नपत्रिकेचा लाल तुकडा. प्रत्येक बरणीत शेवटचे शंभर नग वेगळ्या पिशवीत, पिशवीला तो तुकडा स्टेपल केलेला. पिशवी फोडली की तुकडा गल्ल्याजवळच्या तारेत. सकाळी तारेत जे असेल तेच गोडाऊनमधून काढायचं, तिथंही संपत आलं असेल तरच ऑर्डर. आधी ऑर्डर ठरवायचा सेल्समन, दहा पेट्यांवर एक फ्री. त्या स्कीमचे व्हॉल्व्ह अजून आहेत, कोणाला पाहिजे असतील तर या.

उधारीचं तेवढं मात्र विचारू नका, त्याला जपान्यांकडेही कार्ड नसावं.

वही चालूच आहे. परवा मी जळगावला गेलो होतो, आल्यावर पान बघितलं तर आप्पांच्या मोडीसारख्या अक्षरात एक ओळ होती: अडीच इंची बॉल व्हॉल्व्ह, १, दुपारी २ वाजता, उद्या ये म्हटलंय.

दुपारी दोनला आप्पा दुकानात काय करत होते ते मी विचारलं नाही.