दोन दारांचं भेटकार्ड

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण मागितलीत. कार्यानुभवाच्या तासाची मापं अजून तोंडपाठ आहेत, तीच देतो.

गेटफोल्ड म्हणजे आमच्या बोलण्यात दोन दारांचं कार्ड. ए-फोर कार्डशीट लांबीत अर्धी कापली की 297 बाय 105 मिमीची पट्टी मिळते. कागदाचं वजन 220 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. दोन्ही टोकांपासून 74 मिमीवर घडी. मधला भाग 149 उरतो, दारांची बेरीज 148. तो एक मिलिमीटर मुद्दाम सोडलेला, नाहीतर दारं एकमेकांवर चढतात. घडीआधी स्टीलच्या पट्टीला धरून संपलेल्या रिफिलने रेघ दाबायची आणि खाच बाहेर राहील अशी घडी घालायची. बहुतेक जण उलटी घालतात. ए-फोरचे तंतू बहुधा लांबीकडे धावतात, घडी त्यांना आडवी पडते. रेघ न दाबता दुमडलं की कड फुटते. नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) मोठा शीट आणला तर तंतू घडीच्या दिशेने येतील असं बघून कापता येतं.

नक्षीचा कागद दारावर 68 बाय 99, चहूबाजूंनी 3 मिमी मोकळं. कोयरी दोन्ही दारांवर सलग दिसायला हवी असेल तर 143 मिमीचा तुकडा घेऊन मधली 7 मिमीची पट्टी काढून टाकायची. 136 चा तुकडा नुसता मधून कापला तर कोयरी फाकते. मजकुरासाठी आत मधोमध साधा कागद, 143 बाय 99.

खरी भानगड फेव्हिकॉलची. ओला कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि दार बाहेर ओढतो. ‘सर, दार काऊन नाही लागून राहिलं?’ हा प्रश्न वर्गात ठरलेला. दाराच्या आतूनही त्याच मापाचा कागद डकवला की ओढ दोन्हीकडून सारखी होते. मग रात्रभर पुस्तकांच्या ओझ्याखाली. आपल्याकडच्या मे महिन्यात पंख्याखाली तर अजिबात नको, कडा आधी वाळून उचलतात. संक्रांतीच्या कार्डाला पतंगी कागद शोभतो, पण ओल्या गोंदाने त्याचा रंग उतरतो. तिथे ग्लू स्टिकच.

कार्ड बंद ठेवायला गोल चकती, अर्धीच चिकटवलेली, तीही डाव्या दाराला. त्याऐवजी बंद कार्डाभोवती गुंडाळायचा कंबरपट्टा हवा तर 25 मिमी रुंद, 315 लांब. ए-फोरच्या लांबीत तो बसत नाही, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरका आखला की बसतो. नक्षी तिरपी होते, पण पट्ट्यावर ती खपून जाते.