डाळ मिल, कच्ची वही अन् छतावरचं सोलर : माझा अनुभव

"ताई, डाळ मिलच्या मशीनला सबसिडी कशी भेटली ते सांगा ना" असे मेसेज मला सारखे येतात, बहुतेक बचत गटातल्या बायका अन् आजूबाजूच्या गावातली पोरं, अन् दर वेळेस फोनवर अर्धवट सांगून होते म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. पण सबसिडीपासून सुरू नाही करत, कारण सबसिडी सगळ्यात शेवटी येते अन् तिच्या आधीचं जे होतं त्यावरून आमच्या घरात बरेच दिवस नुसती भांडणं झाली.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्टा (जमिनीतलं पाणी खारट), तूर अन् हरभरा हेच आमचं सोनं. घरची छोटी डाळ मिल आहे. मिल म्हटलं की लोकांना अकोल्याच्या एमआयडीसीतल्या मोठमोठ्या मिला डोळ्यासमोर येतात, तसं काही नाही, मामाजींनी (माझे सासरे) अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल पाहून तशीच मशीन बसवली अन् टिनाच्या शेडात सुरू केलं. सीझनमध्ये कास्तकार आपली तूर आणतात, आपण क्विंटलमागं मजुरी घेऊन डाळ करून देतो, शिवाय थोडी तूर आपण स्वतः विकत घेऊन डाळ विकतो. तूर चाळायची, रोलवर घासायची, तेलाचा हात द्यायचा, पाणी मारून ढीग लावायचा, मग ताडपत्रीवर उन्हात वाळवायची अन् पुन्हा मशीनमध्ये टाकायची. म्हणजे ऊन आम्ही पहिल्यापासूनच वापरतो, त्याला सस्टेनेबल म्हणतात हे आत्ता आत्ता कळलं.

अडचण अशी की मशीन जुनी झाली होती. एमरीचा रोल (तूर घासायचा खरखरीत रोल) झिजला की डाळीचा तुकडा जास्त पडते, तुकड्याला भाव नाही, अन् जुनी मोटर वीज नुसती पिऊन राहिली होती. नवीन मशीन, सोबत ग्रेडर (दाणे आकारानं वेगळे करायची मशीन) अन् खडे काढायची मशीन घ्यायची तर कर्ज पाहिजे. बँकेत गेलो तर साहेबांनी तीन वर्षांची उलाढाल मागितली. आमच्याजवळ होती वही. लाल कापडाची, मामाजींच्या अक्षरातली, कोणाची किती पोती, मजुरी किती, उधारी किती, सगळं बरोबर, एक रुपया इकडचा तिकडं नाही. साहेबांनी वही चांगली दोन-चार पानं पाहिली, माणूस चांगला होता, अन् म्हणाले, "ताई, धंदा आहे हे मला समजते, पण माझ्या कॉम्प्युटरला तुमचा धंदा दिसतच नाही ना."

घरी येऊन हे सांगितलं तर मामाजी म्हणतात, "नाही दिसत तेच बरं हाये. दिसला का टॅक्सवाले दारात येतीन." आता त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही, ज्या माणसानं नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीत ऐन हंगामाच्या तोंडावर रांगेत उभं राहून पाहिलं त्याला बँक म्हटलं की धास्तीच वाटते. पण नुसत्या धास्तीनं रोल नवा होत नाही.

मग पहिलं काम केलं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी. 1 जुलै 2020 पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी हे आलं, आधार अन् पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर एक रुपया लागत नाही. हे मुद्दाम लिहून राहिले कारण सरकारी वाटणाऱ्या नावाच्या बऱ्याच साइटी आहेत त्या फी घेतात, अन् तालुक्यातले एजंटही घेतात. कागद अपलोड करायची गरजच नसते. फक्त आधारला जो मोबाइल जोडलेला आहे तो हातात पाहिजे, माझ्या आधारला माहेरचा भावाचा नंबर होता, अन् पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. बायांनो, लग्न होऊन आलात की धंद्याचा विचार असो नसो, हे दोन कागद पहिले सारखे करून घ्या, बाकी सगळं त्याच्यामागं अडकते.

मग करंट खातं अन् क्यूआर. मजुरीचे पैसे क्यूआरवर घ्यायला लोकांची काही हरकत नव्हती, पोरं तर वाटच पाहून होती, "फोन पे मारू का वहिनी" सुरू झालं, स्पीकरवाली डबी आणली तिचा आवाज मशीनच्या आवाजात ऐकूच येत नाही ते वेगळं. खरा त्रास उलट्या बाजूनं होता. आपण कास्तकाराची तूर विकत घेतो तेव्हा त्याला पैसे खात्यात द्यावे म्हटलं तर तो हात जोडते. एक काका म्हणाले, "खात्यात नको टाकू बाई, पीककर्ज थकलं हाये, बँक होल्ड लावते, मंग मी पोरीची फी कुठून भरू?" शहरातले लोक म्हणतात खेड्यातला माणूस डिजिटलला घाबरते, त्यांनी हे एकदा ऐकावं. तो मोबाइलला घाबरत नाही, त्याच्या पैशाला कुलूप लागते म्हणून घाबरते.

यावर आमच्या सीएनं रस्ता सांगितला. धंद्यात एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्च इन्कम टॅक्सला धरत नाहीत, पण कास्तकाराकडून त्याचा स्वतःचा शेतमाल घेतला तर त्यातून सूट आहे. फक्त पावती पक्की पाहिजे, नाव, गाव, वजन, भाव, सही. तर आम्ही असं ठेवलं की ज्याला रोख पाहिजे त्याला रोख, पण पावतीशिवाय एक कट्टा आत येणार नाही, अन् संध्याकाळी सगळ्या पावत्या मोबाइलमधल्या शीटमध्ये. मामाजींची वही बंद नाही केली. ते वहीत लिहितात, मी शीटमध्ये, अन् रात्री दोघांचा आकडा जुळवतो. सुरुवातीला यावरूनही कुरबुर झाली, नंतर नंतर माझा आकडा चुकला की त्यांना भारी मजा यायची.

एक पूर्ण सीझन असा काढला, रिटर्न भरलं, अन् मग बँकेच्या कॉम्प्युटरला आम्ही दिसलो.

मधल्या काळात फूड लायसनचं केलं. तेव्हा 12 लाखांपर्यंत उलाढाल असली तर साधं रजिस्ट्रेशन, वर्षाला 100 रुपये, त्याच्या वर गेलं की स्टेट लायसन. जीएसटीचा किस्सा जरा गमतीचा आहे. सुटी डाळ विकली तर टॅक्स नव्हता, पण 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के लागला. म्हणून बाजारात 26 अन् 30 किलोचे कट्टे दिसायला लागले. मालाचं रजिस्ट्रेशन 40 लाखांच्या उलाढालीवर सक्तीचं आहे, पण आम्हाला एक-एक किलोच्या पाकिटात आपल्या नावानं विकायचं होतं, अन् बिल मागणारे दुकानदार जीएसटी नंबर विचारतात, म्हणून आधीच घेतला. टॅक्समुळं पाकिटाचा भाव किलोमागं वाढला अन् गावातलं गिऱ्हाईक म्हणते आम्हाला सुटीच दे. ते सुटीच नेतात, काही बिघडत नाही.

आता सबसिडी. आम्ही केलं ते पीएमएफएमई, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगवाली योजना, आपल्याकडं कृषी विभागामार्फत चालते. पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, स्वतःचे किमान 10 टक्के टाकायचे, बाकी बँकेचं कर्ज. जिल्ह्याला डीआरपी (डिस्ट्रिक्ट रिसोर्स पर्सन) म्हणून माणसं नेमलेली असतात, ते प्रोजेक्ट रिपोर्ट अन् ऑनलाइन अर्जाला मदत करतात, त्यांना आपण पैसे द्यायचे नसतात. कागदांत आमचं अडलं ते शेडावर, ग्रामपंचायतचा नमुना 8 (घर-जागेच्या नोंदीचा कागद) मामाजींच्या नावावर अन् अर्ज माझ्या नावावर, मग त्यांचं संमतीपत्र, भाड्याचा करार असं सगळं. सुनेला शेड भाड्यानं देण्याचा कागद करताना मामाजी म्हणाले, "अन् भाडं कवा देशीन?" सगळं ऑफिस हसलं.

जे कोणी सांगत नाही ते आता सांगते. सबसिडी हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या कर्जाच्या खात्याला बांधून ठेवतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, अन् तीन वर्ष हप्ते नीट गेले अन् युनिट चालू राहिलं तर कर्जात वळती होते. म्हणून जो म्हणते "सबसिडी आली का मशीनवाल्याला देऊ" तो पहिल्याच वर्षी बुडते. अन् मधात हप्ता थकला तर सगळंच लटकते. सीझनचा धंदा आहे, पावसाळ्यात आवक नाही, तर हप्त्याची तारीख अन् रक्कम ठरवतानाच बँकेशी बोलून घ्या.

सोलर आम्ही यात नाही घातलं, वेगळं केलं, 2023 मध्ये, 10 किलोवॅट. लोकांचा इथं फार गोंधळ आहे म्हणून सांगते, पीएम सूर्यघरची 78,000 पर्यंतची सबसिडी 2024 मध्ये आली ती घरगुती कनेक्शनला आहे, धंद्याच्या मीटरला नाही. धंद्याला सीए सांगेल तो 40 टक्के घसारा (सोलरची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरणं) असते, पण टॅक्स भरण्याएवढा नफा असला तरच त्याचा फायदा. आम्ही केलं ते निव्वळ बिलाला कंटाळून, पर्यावरणासाठी केलं असं सांगितलं तर खोटं होईल. साधा हिशेब असा की एक किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा अन् वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला 4 युनिटच्या आसपास. मंजूर भारापेक्षा जास्त लावता येत नाही. मीटर निघालं आजेसासऱ्यांच्या नावावर, त्यांना जाऊन कितीतरी वर्ष झाली, बिल मात्र अजून त्यांच्याच नावानं येत होतं. नेट मीटरिंगचा (सोलरची जास्तीची वीज लाइनमध्ये द्यायची अन् नंतर तेवढे युनिट वापरायचे) करार ज्याच्या नावावर मीटर त्याच्याशीच होते, म्हणून पहिले नावबदल, त्यासाठी सगळ्या वारसांची संमती, पुण्याचे काकाजी येईपर्यंत काम थांबलं.

नेट मीटर आमच्या धंद्याला बरोबर बसते. जुलैपासून मशीन जवळपास बंद अन् पॅनल चालू, ते युनिट जमा होत राहतात अन् जानेवारीत नवी तूर आली की वापरात येतात, हिशेब मार्चअखेर मिटते. मार्चला शिल्लक राहिले तर फार कमी भावानं जातात, म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर गळ्यात मारणाऱ्याचं ऐकू नका.

दोन गोष्टी मात्र बसवणाऱ्यानं आधी धडपणे सांगितल्या नव्हत्या. पहिली, लाइन गेली की सोलरही बंद. भर एप्रिलात दुपारी लाइन गेली, मामाजी शेडाबाहेर येऊन वर पाहतात, "ऊन त डोक्शावर हाये, मंग मशीन काहून बंद हाये?" ते इन्व्हर्टर मुद्दाम बंद होते, कारण खांबावर लाइनमन काम करत असला अन् आपल्या छतावरून तारेत करंट गेला तर त्याचा जीव जाईल. त्यांना हे पटलं, एकदम पटलं, पण आधी माहीत असतं तर भारनियमनाच्या वेळा पाहून कामाची पाळी लावली असती, जशी आता लावतो. दुसरी गोष्ट, जास्त ऊन म्हणजे जास्त वीज असं नाही. पॅनलची ताकद 25 अंशाला मोजलेली असते, त्याच्या वर दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के कमी होते, आपल्याकडं मे महिन्यात हवाच 45 अंश तर काचेचं काय होत असेल तुम्हीच पाहा.

अन् तिसरं आमच्या भागाचं खास. मिलीत सालाचा भुसा उडते, तो पॅनलवर बसते. धुवायला बोअरचं पाणी मारलं तर पाणी खारट, वाळलं की काचेवर पांढरा थर, बोटानं खरवडूनही निघत नाही, कपड्यावर जसा बसते तसाच. आता नळयोजनेचं पाणी टाकीत धरून ठेवतो अन् लांब दांड्याच्या मऊ ब्रशनं पहाटे धुतो, तापलेल्या काचेवर थंड पाणी मारायचं नसते. भुश्यासाठी पंख्याच्या तोंडाला कापडी पिशव्या बांधल्या. तो भुसा अन् चुनी (डाळीचा बारीक चुरा) पहिलेही ढोरांनाच जायची, आता वजन करून जाते अन् तिचाही हिशेब लागते.

ऑनलाइन विक्रीचं विचारतात. मोठ्या साइटवर टाकून पाहिलं, पाच किलो डाळीला कुरिअर अन् कमिशन जाऊन हातात काही उरत नाही, सोडून दिलं. त्यापेक्षा अमरावती अन् नागपूरच्या सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप बरे, महिन्याला एक गाडी भरून जाते, बिनपॉलिशची डाळ मागतात, पॉलिशची मशीन लावायचीच नाही म्हणून वीजही वाचते. गावात मात्र चकचकीत फटका डाळच पाहिजे, त्याला इलाज नाही.

झेड सर्टिफिकेटचंही (छोट्या उद्योगाच्या मालात खोट नाही अन् पर्यावरणाला त्रास नाही याचं सरकारी सर्टिफिकेट) तालुक्याच्या मीटिंगमध्ये ऐकलं, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असं असते, बायकांच्या उद्योगाला फी माफ आहे म्हणे, शपथ घेऊन ठेवली आहे, फोटो अपलोड करायचे बाकी आहेत. कोणाला मिल प्रत्यक्ष पाहायची असेल तर जानेवारी ते एप्रिलमध्ये या, अन् येताना लाइनची वेळ फोन करून विचारून घ्या.