आमची वाटचाल : वाघ नाही, बजरीगर

बाबा कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. कपाटातल्या पेंढा भरलेल्या घारी-घुबडांवर दर पावसाळ्यात बुरशी चढायची. ती पुसायचं काम त्यांच्याकडे. सुट्टीत मी सोबत जायचो. हातमोज्यांशिवाय ते कशालाच हात लावू देत नसत, कारण जुन्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा, म्हणजे विषारी आर्सेनिकचा, साबण चोळलेला असायचा. टॅक्सिडर्मीचा, म्हणजे मेलेल्या प्राणी-पक्ष्यांचं कातडं टिकवून त्यांना जिवंतपणीचं रूप देण्याचा, नाद लागला तो तिथे. आज पुण्यात आमच्या दोन खोल्या आहेत, तीन फ्रीझर आहेत, आणि मी, बायको व एक मदतनीस असे तिघे जण.

टॅक्सिडर्मी म्हटलं की लोकांना राजवाड्यातला वाघ आठवतो. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कारखान्यात कागदाच्या लगद्याच्या सांगाड्यांवर वाघ-बिबट्यांची कातडी चढवली जायची. तो कारखाना १९९९ साली बंद झाला. आमच्याकडे येतात बजरीगर आणि कॉकॅटिल हे छोटे परदेशी पोपट, ससे, हौसेनं पाळलेले कोंबडे. वाघाचं कातडं जाड, ते तासून पातळ करतात. बजरीगरचं मुळातच कांद्याच्या पापुद्र्यासारखं. त्यात तासण्यासारखं काही नसतं, नुसतं सांभाळायचं असतं.

पहिल्याच वर्षी एक पांढरा ससा आला होता. मे महिना. मी तो रात्री फ्रीझरमधून काढून टेबलावर ठेवला आणि झोपलो. सकाळी पोटावरून हात फिरवला, तर केसांचा पुंजका हातात. आतड्यांशेजारची कातडी आधी सडते, केसांची मुळं सुटतात आणि मग मीठ लावा की तुरटी, काही उपयोग होत नाही. आगाऊ घेतलेले पैसे परत केले. मुलगी वडिलांच्या मागे उभी होती, तिच्याकडे बघवलं नाही. तेव्हापासून प्रत्येक जीव फ्रिजच्या खालच्या कप्प्यातच सावकाश वितळतो, आणि एकदा वितळला की पुन्हा गोठवायचा नाही.

पक्ष्याला छातीच्या हाडापासून खाली एक चीर देतो. पुढे कातडं ओढायचं नाही, नखानं मांसापासून ढकलत न्यायचं. मध्ये मध्ये मक्याचं पीठ भुरभुरायचं, म्हणजे रक्त पिसांना लागत नाही. पोपटवर्गातल्या पक्ष्यांचं डोकं मानेपेक्षा मोठं, त्यावरून कातडं उलटत नाही. जबरदस्ती केली की फाटलंच. म्हणून मानेमागे वेगळी छोटी चीर द्यायची. कानाची त्वचा कापायची नाही, चिमट्यानं भोकातून अलगद उपसायची. मग चरबी. ती राहिली तर वर्षा-दोन वर्षांत पिवळं तेल पिसांवर उतरतं आणि किडे येतात. खरवडून झालं की भांड्यांच्या साबणानं धुवायचं, हेअर ड्रायरनं पीस न् पीस फुलेपर्यंत वाळवायचं, आतून टाकणखार (बोरॅक्स) लावायचा. धुणं आणि शिवण बायकोकडे. लग्नाआधी ती ब्लाउज शिवायची. तिनं शिवलेली चीर मला स्वतःला शोधूनही सापडत नाही.

घरचा मिठू घेऊन येणारे मात्र रिकाम्या हाती जातात. आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, तो पाळणंच गुन्हा. आम्ही हातही लावत नाही. मिठाईच्या खोक्यात रुमालावर ठेवून आणलेला असतो, बारा-पंधरा वर्षांचा सहवास असतो. रागावतात, शेजारच्या कुणाचं उदाहरण देतात. नाही म्हणजे नाही.

तुमचा पक्षी किंवा ससा गेला तर त्याला आंघोळ घालू नका. पक्ष्याच्या घशात कापसाचा छोटा बोळा घाला, पिसं सरळ करा, वर्तमानपत्रात न गुंडाळता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लगेच फ्रीझरमध्ये ठेवा आणि आम्हाला फोन करा. पिशवीवर नाव लिहायला विसरू नका. एका घरी सासूबाईंनी ती मटार समजून पुलावासाठी बाहेर काढली होती.