फ्रिटनबाई आणि स्त्रीपार्टी

‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’ हा १९५४चा कृष्णधवल इंग्रजी विनोदपट. मुलींची वसतिशाळा, प्रयोगशाळेत दारू गाळणाऱ्या पोरी आणि कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या मुख्याध्यापिका मिस फ्रिटन. या बाईंचं काम ॲलिस्टर सिम या बाप्या नटानं केलंय. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या प्रेक्षकाला त्याचं नवल नाही. दशावतार, म्हणजे बायकांची कामंही पुरुषांनीच करायचं तिकडचं लोकनाट्य, बघत वाढलेला माणूस थेट विचारतो, बाई जमलीय का?

जमणं सोपं नसतं. दशावतारी नट आपला रंग आपणच लावतो, पेटीच्या झाकणाला आरसा टेकवून. दाढी गुळगुळीत हवी, रंगाचा हात पातळ. जाड थर दिला की घामानं तो नाकाच्या कडेला फुटतो आणि ओठांवर मिशीची निळसर सावली उगवते. आवाज फार बारीक लावायचा नाही. नाटक पहाटेपर्यंत चालतं. ताणलेला गळा मध्येच बसला, की तारामती हरिश्चंद्रापेक्षा जाड बोलू लागते. बाईपण खरं दिसतं ते मनगटात, पावलांमधल्या अंतरात, पदर कधी सावरला त्यात. दशावतारी नट ओमप्रकाश चव्हाणांची स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका, बघणारे हेच बघतात.

सिमही तेच करतो. किनरा आवाज नाही, प्रेक्षकांकडे बघून डोळा मारणं नाही. बाईंचा सट्टेबाज भाऊ क्लॅरेन्सही त्यानंच केलाय, त्यामुळे चाल आणि मान कुठे बदलते ते ताडून बघता येतं. फ्रिटनबाईंना विवंचना आहेत, लबाडी आहे, शाळेवर माया आहे. अख्खं माणूस आहे ते.

आता फातिमा बघा. माकयाद नावाच्या कल्पित देशाच्या सुलतानाची ही मुलगी. तिला शाळेत किंमत आहे ती बापाच्या पैशामुळे आणि ‘अरब बॉय’ या त्याच्या शर्यतीच्या घोड्यामुळे. थोरल्या मुली घोडा पळवतात, धाकट्या सोडवतात, बाई त्याच्यावर पैसे लावतात. पटकथेनं पोरीपेक्षा घोड्याचीच जास्त काळजी घेतलीय. सुलतान झालाय एरिक पोलमन, जन्मानं व्हिएन्नाचा. म्हणजे सोंगं दोन्हीकडे आहेत. पण एकाला स्वभाव मिळाला आणि दुसऱ्याला नुसती थैली.

‘तेव्हा असंच चालायचं’ ही सबब इथे पटत नाही. ज्यांनी शाळकरी मुलींना बिनदिक्कत गुंड होऊ दिलं, ते लेखक भित्रे नव्हते. पूर्वेकडच्या मुलीपाशी मात्र त्यांची कल्पनाशक्ती दमली.

आपल्या दशावताराच्या बाकड्यावर तरी सगळ्यांना जागा होती असं कुठे आहे? स्त्रीपार्टीचं कौतुक खूप, पण खुद्द बायका कंपनीत नसायच्याच. भाषेचंही तसंच. राजे आणि देव पुस्तकी मराठीत बोलणार, मालवणी येणार वेद पळवणाऱ्या काळ्या वेशातल्या संकासुराच्या तोंडी. हशा मालवणीला, मान पुस्तकीला. तरी संकासुराला जीभ दिलीय, आणि ती कुणाला भीत नाही. समोर बसलेल्या मानकऱ्यांचीही तो फिरकी घेतो आणि मानकरीच आधी हसतात. फातिमाला असे चार सवाल टाकू दिले असते, तर फ्रिटनबाईंना सुलतानाकडे फीचं बिल धाडताना दोनदा विचार करावा लागला असता.