कास्तोलो अजून तसाच आहे

आज जुन्या कॉम्प्युटरवर पेस ६ (प्रो इव्होल्युशन सॉकर, फुटबॉलचा व्हिडिओ गेम) लावला. २००६ चा गेम! लायसन्स नाही म्हणून लिव्हरपूलचं नाव ‘मर्सीसाइड रेड’. मास्टर लीगमध्ये, म्हणजे आपला क्लब चालवायच्या मोडमध्ये, तेच काल्पनिक खेळाडू मिनांदा, कास्तोलो, इवारोव. जगात नसलेली ही माणसं, पण आम्ही त्यांच्यावर जीव लावला होता. आणि इटलीच्या इंटर मिलान क्लबचा आद्रियानो! डावा पाय, शॉट पॉवर ९९. लांबून मारला की गोलकीपर नुसता बघत राहायचा.

मग भाच्याने फोनवर ईफुटबॉल दाखवला. २०२१ पासून या मालिकेचं हेच नाव, आणि गेम फुकट. दिसायला अप्रतिम, चेंडूवरचा ताबाही छान. पण खेळाडू कार्डांतून जमवायचे, सामना ऑनलाइन अनोळखी माणसाशी. मला शेजारी बसून ओरडणारा मित्र हवा. भाचा म्हणाला, “मामा, कंट्रोलर दे.” रात्री अकरापर्यंत खेळलो.